बांधायचं म्हणजे काय

एका गावात एक भोळा बाइंडर होता. त्याचं नाव गेनू. वह्या-पोथ्या बांधायच्या एवढंच त्याला येई. त्याच्या उस्तादानं सांगितलं होतं, "बांधायचं म्हणजे मधून टोचायचं, दोरा ओवायचा." गेनूनं ते पक्कं धरलं.

मोठ्या मिनतवारीनं गेनूचं लग्न ठरलं. सासऱ्यानं बजावलं, "मुहूर्त टळला तर मुलगी परत नेईन."

घरात लगबग सुरू झाली. आई म्हणाली, "गेनू, बुंदी पाडलीय. लाडू बांध."

गेनू सुई-दोरा घेऊन बसला. संध्याकाळी आई बघते तो बुंदीचा हार.

"लाडू कुठायत?"

"हा काय, पहिलाच चाललाय."

"अरे, बांधायचं म्हणजे पाक घालायचा, मुठीनं दाबायचं."

गेनूनं कपाळावर हात मारला. "चूक माझीच. देवानं या डोक्यात भुसा भरला, तोही भिजका. पण आता कळलं."

दुसऱ्या दिवशी मामा आला. फेट्याचं कापड पुढं करून म्हणाला, "भाच्या, मला फेटा बांध."

गेनूनं कापड मामाच्या डोक्यावर ठेवलं. वर वाटीभर पाक ओतला. मग दोन्ही हातांनी डोकं दाबलं. चांगलं गोल होईपर्यंत दाबलं.

मामा मुंग्या झटकत म्हणाला, "गाढवा, बांधायचं म्हणजे गोल गुंडाळायचं आणि वर तुरा काढायचा."

"गाढवाला तरी एकदा सांगितलेलं कळतं, मामा. चूक माझीच. पण आता कळलं."

तिन्हीसांजेला म्हैस चरून आली. आई चुलीपुढून म्हणाली, "गेनू, म्हैस बांध."

गेनूनं तिच्या शिंगांभोवती फेटा गुंडाळला. तुरा झकास काढला. म्हैस तशीच गावातून हिंडली. चावडीवरच्या म्हाताऱ्याला नीट दिसत नसे. त्यानं तिला रामराम घातला.

आईनं म्हैस ओढत आणली. "अरे, बांधायचं म्हणजे दाव्यानं खुंट्याला. कितीही हिसडे दिले तरी सोडायचं नाही. आणि पुढ्यात वैरण टाकायची."

"माझ्यापेक्षा म्हैस शहाणी. तिनं निदान तुरा तरी खाऊन टाकला. पण आता कळलं."

लग्नाचा दिवस उजाडला. आई म्हणाली, "सदोबाभटजींना आज दुसरीकडचंही बोलावणं आहे. ते तिकडे गेले तर आपलं लग्न बुडालं. जा, त्यांना आधीच बांधून ठेव."

गेनू गेला. घटकाभरानं घाम पुसत आला आणि बाशिंग लावून उभा राहिला.

मांडव भरला. अंतरपाट धरला. सगळ्यांच्या हातात अक्षता. भटजींचा पत्ता नाही. सासरा सूर्याकडे बघू लागला.

आई गेनूच्या कानाशी लागली. "भटजी कुठायत रे?"

"गोठ्यात. म्हशीशेजारी."

"काय करतायत?"

"हिसडे देतायत. पण मी सोडलं नाही. पुढ्यात वैरणही टाकलीय." गेनूनं आवाज खाली आणला. "तोंड लावत नाहीत. उपास असेल."