दारातली म्हैस

फार मागची गोष्ट सांगतो. तेव्हा जंगलात हत्तीची कचेरी होती आणि तिथं चाळीस उंदीर कारकून होते. त्यांची बिळं लांब नदीकाठी. रोज एकेक उंदीर एकेका म्हशीवर बसून कामाला यायचा. चाळीस म्हशी अंगणात उभ्या राहिल्या, की अर्ज घेऊन आलेल्या सशाला दारापर्यंत वाटच मिळायची नाही.

हत्तीनं हुकूम काढला, “एका म्हशीवर चौघांनी यायचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस म्हशी आल्या.

हत्ती रागावला. “एवढीशी अंगं तुमची! पाठीवर जागा पुरत नाही होय?”

गोदूबाई उंदरीण पुढं झाली. “जागेचं नाही, साहेब. माझी पिलं बिळात एकटी असतात. नदी चढल्याचा निरोप आला, तर बाकी तिघांचं काम संपेपर्यंत मी इथंच बसू का?”

हे हत्तीनं कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

बांडी नावाची म्हातारी म्हैस रवंथ करत ऐकत होती. ती म्हणाली, “मी दिवसभर दारात उभी राहते. ज्याला मध्येच घर गाठायचं असेल, त्यानं मला हाक मारावी. मला तरी दुसरं काय काम आहे, बाई?”

दुसऱ्या दिवशी दहाच म्हशी आल्या आणि अकरावी बांडी. ती उभी आहे ना, हे बघायला गोदूबाई दुपारपर्यंत तीनदा बाहेर येऊन गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदाच आली. तिसऱ्या दिवशी बघायची तिला आठवणच राहिली नाही.