धक्क्याचं काम

मालतीकाकूंची सून केतकी बाळंतपणाची डॉक्टर. अडलेल्या बाईसाठी कधी बोलावणं येईल याचा नेम नाही, आणि तिची विजेची गाडी साध्या प्लगवर चार्ज व्हायला अख्खी रात्र जायची. म्हणून संकष्टीच्या संध्याकाळी काकूंनी सोसायटीच्या सभेत घरचा जलद चार्जर बसवायची परवानगी मागितली. वीज कंपनीने मंजुरी दिलीच होती.

अध्यक्ष खरवंडीकरांची जुनी गाडी रोज सकाळी चारचौघांनी ढकलल्याशिवाय हलत नसे, पण टेबलावर हात आपटून ते गरजले, "मंजुरी गेली खड्ड्यात! कुणाला धक्का बसला म्हणजे? माझ्या इमारतीत धक्क्याचं काम चालणार नाही!"

मनात गणरायाला हात जोडून काकू उठल्या.

"बरं, भाऊसाहेब. धक्क्याचं काम बंद म्हणजे बंद. मग उद्या सकाळी गाडीसाठी आमच्या ह्यांना हाक मारू नका हं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अखेर खरवंडीकरांनी मुकाट्याने परवानगीवर सही केली आणि हळूच विचारलं, "पण काकू, उद्या सकाळी...?"

"येतील हो," काकू म्हणाल्या, "अडलेल्याला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही."