लांडग्याच्या अंगाचा वास

पूर्वी वेणुमती नगरीत धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने डोंगरातल्या एका मेंढपाळाच्या तळावर कुत्र्याच्या कुळात जन्म घेतला. अंगाने थोराड, मानेभोवती दाट केस, आवाज घुमणारा. मेंढ्यांच्या उबेत तो वाढला आणि लांडग्यांना कळपापासून दूर ठेवण्यातच त्याचे आयुष्य जात होते.

राजाला निरनिराळ्या जातींचे कुत्रे पाळण्याचा नाद होता. त्याच्या माणसांनी एकदा बोधिसत्त्वाला पाहिले आणि मेंढपाळाच्या विनवण्या न जुमानता दोरीने बांधून नगरात आणले.

श्वानशाळेत मरुदेशाचे सडपातळ कुत्रे होते. ते वाऱ्यासारखे पळत, पण कुणाला फारशी जवळीक करू देत नसत. लांब कानांचे, माग काढणारे होते. एकदा वास नाकात भरला की धन्याची हाकही त्यांना ऐकू येत नसे. राणीच्या मांडीवरचे झिपरे कुत्रे पान हलले तरी भुंके, आणि तिने दुसऱ्या कुणाला कुरवाळलेले त्याला खपत नसे. बोधिसत्त्वाचे कुणाशी वाकडे नव्हते. ज्याला जे आईच्या दुधातून मिळाले ते तो करतो, असे मानून तो सर्वांशी मिळून राही.

संध्याकाळी मात्र तो उत्तरेकडे तोंड करून बसे. आता मेंढ्या ओढा उतरत असतील, कोकरे मागे रेंगाळत असतील, मेंढपाळाची म्हातारी आई हाळी देत असेल, असे मनात येई आणि पुढ्यातले मांस तसेच राही. श्वानपाल मुचिल म्हणे, "खा रे बाबा. डोंगर काही इथे चालत यायचा नाही."

एका उत्सवात राजाने झुंज ठरवली. डोंगरातून लांडगा धरून आणला होता. बोधिसत्त्वाला मैदानात आणून मुचिल म्हणाला, "महाराज, याची जातच लांडग्याची वैरी. दिसायचा अवकाश, नरडे फोडील."

पिंजरा उघडला. बाहेर आला तो एक म्हातारा, उपाशी, लंगडणारा लांडगा. बोधिसत्त्वाच्या मानेवरचे केस ताठ झाले, घशात गुरगुर उठली. इतक्यात वाऱ्यावर लांडग्याच्या अंगाचा वास आला. त्यात रानतुळस होती, ओढ्याकाठची ओली माती होती, आणि अगदी पुसटशी मेंढरांची लोकरही. बोधिसत्त्वाला गहिवरून आले. ज्याला त्याने कितीदा तळापासून हुसकावले होते, तोच हा.

"ओढ्याला पाणी आहे का रे?" त्याने विचारले.

लांडगा म्हणाला, "आहे. पण तुझ्या माणसांनी तळ खाली हलवला. तू गेल्यापासून वर राहायला धजत नाहीत."

"आणि म्हातारी?"

"मेंढ्यांबरोबर अजून तुलाही हाळी देते. मी ऐकतो."

बोधिसत्त्व त्याच्या शेजारी जाऊन बसला. लोक ओरडू लागले. राजाने संतापून धनुष्य उचलले. "भित्र्या! जातीला बट्टा लावलास!"

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने म्हणाला, "महाराज, माझी जात लांडगे मारणाऱ्यांची नाही, कळप राखणाऱ्यांची. हा कळपावर आला तेव्हा मी याच्या अंगावर गेलो. इथे कळप नाही. मग याचा जीव कुणासाठी घेऊ? बाण सोडायचाच तर आधी माझ्यावर सोडा." आणि तो लांडग्यापुढे आडवा उभा राहिला.

राजाचा हात थांबला. इतके कुत्रे गोळा केले, पण त्यांतला कोण कशासाठी झुरतो हे त्याने कधी विचारले नव्हते. धनुष्य खाली ठेवून तो म्हणाला, "मुचिल, या दोघांना त्यांच्या डोंगरात सोडून ये."

पायथ्याशी दोर सुटताच लांडगा म्हणाला, "आता आपण मित्र."

"मित्रच. पण कळपाजवळ आलास तर पुन्हा हुसकावीन."

"ते ठाऊक आहे," म्हणत लांडगा रानात शिरला.

तळावर म्हातारीने बोधिसत्त्वाच्या मानेत तोंड खुपसून रडून घेतले. मेंढ्यांनी त्याला हुंगले आणि तो कधी गेलाच नव्हता अशा पुन्हा चरू लागल्या.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जातकाचा, या पूर्वजन्मीच्या कथेचा, मेळ घालून दिला: "भिक्षूंनो, त्या वेळचा लांडगा म्हणजे ज्याच्याशी बोलायला तुम्ही कचरता तो भिक्षू विजितसेन. राजा म्हणजे आपल्याला हे उपवन देणारा श्रेष्ठी भद्रक, म्हातारी म्हणजे विहारात पाणी भरणारी उपासिका उत्पला, आणि कळपाचा राखणदार मीच होतो. ज्याला कर्तव्य म्हणून अडवावे लागते, त्याचाही द्वेष न करणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."