कड्याखाली फुंकलेलं शिंग

फार मागे, गावांना नावं पडायच्या आधी घडलेली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी, कारण असली कामं मोठेच करतात.

एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावरचं रान गावानं राखलेलं. तिथली काटकी कुणी मोडत नसे, दगड कुणी उचलत नसे. रानाच्या माथ्याला सरळसोट कडा होता आणि त्याच्या कपारीत गिधाडं राहत. नाकं मुरडू नका. मेलेलं ढोर ती अर्ध्या दिवसात संपवत, म्हणून त्या गावच्या ओढ्याचं पाणी पिण्याजोगं होतं.

पूर्वी कडाभर गिधाडं असत. आता एकच जोडी उरली होती. गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते, आणि गेली दोन वर्षं तेही टिकलं नव्हतं. म्हणून गावानं नेम केला होता, की दिवाळी सरली की शिमग्यापर्यंत रानात आवाज करायचा नाही. गुराख्यांनी गाईंच्या घंटांत गवत कोंबायचं. बायकांनी पैंजणांना चिंध्या बांधायच्या. परका माणूस रानात जायचा झाला, तर गावातल्या कुणीतरी त्याची हमी घ्यायची.

राखणीची काठी एका बाईकडे होती. सासऱ्यानं मरताना ती मुलाला न देता सुनेच्या हाती दिली होती. असा मान त्या गावात कुठल्या बाईला मिळाला नव्हता, आणि तिनं तो उन्हाथंडीत उभं राहून जपला होता.

तिचा धाकटा भाऊ दूरच्या गावी शिंगाड्या होता, म्हणजे देवळात शिंग फुंकणारा. असं फुंकायचा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मान मिळाला की माणसाची मान ताठते. त्याचीही ताठली होती.

मार्गशीर्षात तो बहिणीकडे आला. म्हणाला, "अक्का, तुझ्या कड्याचं फार ऐकलंय. दाखव की."

"दाखवते. शिंग घरी ठेव."

"उद्या म्हणशील, नाक घरी ठेव."

"नाक ने. जागेपणी ते वाजत नाही."

तो हसला. "देवाचं शिंग खुंटीला टांगून कसा फिरू? खांद्यावर असू दे. फुंकत नाही."

तिनं असू दिलं.

रानाच्या वेशीवर गावातला सगळ्यात म्हातारा आजा बसलेला असे. त्यानं विचारलं, "कुणाचा पाहुणा?"

"माझा. हमी माझी," ती म्हणाली.

दोघं चढून कड्याखाली आली. बहिणीनं हळूच बोट केलं. वर कपारीत गिधाडीण अंड्यावर बसली होती. भावानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग नुसता कडाच पाहत राहिला.

"अक्का, हा कडा आवाज सात वेळा परत देईल."

"देईल. आपण मागायचा नाही."

एवढं बोलून ती झऱ्यावर पाणी प्यायला वाकली. आणि भावाच्या मनात आलं, घंटा गाईची, पैंजण बाईचं. शिंग तर देवाचं. देवाच्या आवाजाला कसली बंदी? शहाणी माणसं स्वतःला अशीच पटवतात. आपल्या हौसेला देवाचं नाव दिलं, की झालं पुण्य.

त्यानं शिंग फुंकलं.

कड्यानं ते परत दिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आवाज फिरला तेव्हा गिधाडीण दचकून उडाली आणि तिच्या पायासरशी काहीतरी पांढरं घरंगळत कपारीबाहेर आलं. ते पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

गोष्टींतले पक्षी बोलतात. ही बोलली नाही. बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती घिरट्या घालून परत आली, पिसं सैल केली, पोट दाबून रिकाम्या जागेवर बसली. दुसऱ्या दिवशीही तिथंच होती. चौथ्या दिवशीही.

गाव जमलं. भाऊ पुढं झाला. "चूक माझी. शिक्षा मला करा."

आजा म्हणाला, "पाव्हणं, पाहुण्याला आमच्यात शिक्षा नाही. तुम्ही जेवून जावा. शिक्षा हमी घेणाराला."

बहिणीनं काठी आणलीच होती. ती तिनं आजाच्या पायाशी ठेवली.

"परका असता तर शिंग काढून घेतलं असतं मी," ती म्हणाली. "भाऊ म्हणून नाही घेतलं."

काठी बराच वेळ कुणी उचलली नाही.

भावाला कुणी रागानं बोललं नाही. बायांनी पानात कालवण वाढलं, "लाजू नका, घ्या" म्हणाल्या. घास तोंडातच फिरत राहिला. निघताना तो बहिणीला म्हणाला, "अक्का, एक थोबाडीत तरी मार."

तिनं भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं. "ऊन आहे. डोकं झाकून जा."

गिधाडांची ती जोडी पुढं कडा सोडून गेली. उन्हाळ्यात ढोरं माळावर कुजली, ओढा नासला, आणि गाव दोन कोसांवरून पाणी आणू लागलं. त्या रांगेत बहीण सगळ्यांच्या मागे चालायची. तिला मागे चाल असं कुणी सांगितलं नव्हतं. भावाच्या कानावर हे गेलं. त्याला त्या गावाची वाट कुणी बंद केली नव्हती, तरी उभ्या जन्मात तो तिकडे फिरकला नाही.

पाहुण्यानं मिरवलेल्या मोठेपणाची लाज, ज्यानं त्याला आत घेतलं त्याला भोगावी लागते.