एक्केचाळीस वह्या

“मग आभार कशाचे मानू, सर?”

सुलक्षणा पेडणेकर ओटीवर टेकलीसुद्धा नव्हती. उभ्याउभ्याच तिनं विचारलं.

चार दिवसांनी तिच्या कारखान्याचं उद्घाटन होतं. समुद्रकाठच्या वाळूतल्या खनिजापासून निओडिमियम वेगळं काढणारा कारखाना. विजेच्या गाड्यांच्या मोटारींत बसणारी चुंबकं त्यापासून होतात. आजवर हा माल परदेशातून यायचा. आता निम्मी यंत्रं सरकारी योजनेतून मिळाली होती आणि मंचावर मंत्री बसणार होते.

“तीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाहेरून माल यायचा थांबला, तेव्हा या सरकारला जाग आली. आणि मी हात जोडायचे?”

काझी सर अंगणात आमसुलं वाळत घालत होते. वय एकोणऐंशी. सगळी हयात त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. सुलक्षणेला परीक्षानळी धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

“आणलंयस?” त्यांनी विचारलं.

तिनं पर्समधून काचेची छोटी बाटली काढली. तळाशी चमचाभर पूड होती.

सरांनी हात धुतले, पंच्याला पुसले. बाटली घेऊन ते आत गेले आणि ट्यूबलाइटखाली धरली. पूड निळसर दिसली. मग ते उन्हात आले. तीच पूड फिकट जांभळी झाली.

“तेच आहे. निओडिमियम...”

त्यांनी बाटली पुन्हा ट्यूबलाइटखाली नेली, पुन्हा उन्हात आणली.

“चार महिन्यांत जमवलं, सर. पहिल्याच चाचणीत,” सुलक्षणा म्हणाली. तिच्या आवाजात ताठा होता.

“आम्लाचं प्रमाण कशावरून ठरवलंस?”

“तुमच्या वह्यांवरून.”

“माझ्या वह्यांत ते नाही, बाय. मला ते कधी जमलंच नाही.”

“नाही, पण...”

ती थांबली.

“काय केलं तर जमत नाही, ते सगळं आहे त्यांत. एक्केचाळीस वह्या. त्यातून जे उरलं, ते मी केलं.”

सुलक्षणा हळूच पायरीवर बसली.

“सव्वीस वर्षं,” सर म्हणाले, “मी रोज साडेनवाला जाऊन चुकत होतो. एक तारखेला पगार होत होता. वही संपली की कोठीतून नवी मिळत होती. संध्याकाळी अब्बा विचारायचे, दाऊद, आज काही निघालं का रे? मी म्हणायचो, नाही. सरकारनं तेवढंही कधी विचारलं नाही.”

“यंत्रही दिलं नाही. अकरा वेळा मागितलंत तुम्ही. शेवटी विभागच बंद केला. मी होते तिथे, सर.”

“होय. तेही खरं आहे. मंचावर तेही सांग.”

“राग नाही येत तुम्हाला?”

“यायचा. पुष्कळ यायचा.” सर तिच्याशेजारी टेकले. “पण माझ्या दोन्ही मुली त्याच पगारावर शिकल्या. तू शिष्यवृत्तीवर आलीस. कुण्या भाजीवालीनं काडेपेटी घेतली असेल, त्यातला थोडा कर तुझ्या शिष्यवृत्तीत आला असेल. तिला ठाऊकसुद्धा नसेल, आपण कशासाठी दिलं ते...”

सुलक्षणेनं पर्समधून भाषणाचा कागद काढला. वरच्या चार ओळी वाचल्या. मग तो घडी घालून परत ठेवला.

“तुम्ही या, सर. गाडी पाठवते. बटण तुमच्या हातानं दाबू.”

“येईन,” सर लगेच म्हणाले. “न बोलावतीस तरी आलो असतो.”

ती हसली. निघताना वाकली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

“मग मी बोलू काय, सर?”

“आधी मनापासून शुक्रिया म्हण. मग सांग... अजून बरंच चुकायचं आहे.”