बाहेरची कडी

फार पूर्वीची गोष्ट, आमच्या या गोष्टीतल्या गावाच्या वेशीला अजून कमान नव्हती तेव्हाची. गावात एक पाटील होता. मिशा भरदार, शब्दाला वजन, आणि घरामागच्या गोठ्याला बाहेरून एक जाडजूड कडी.

त्या गोठ्यात गुरं नव्हती. पाटलाचा धाकटा भाऊ होता. सात वर्षांपूर्वी त्याचं मन थाऱ्यावर राहीनासं झालं. कधी दोन-दोन दिवस बोलतच सुटे, कधी महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसे. पाटलानं गावात सांगून टाकलं, "भाऊ काशीला गेलाय." गोठ्यातून त्याचं गाणं ऐकू येई, तरी लोकांनी माना डोलावल्या. ज्याच्या त्याच्या घरी झाकून ठेवलेलं काहीतरी होतंच, मग विचारणार कोण?

एकदा गावच्या वैद्यीणबाई चावडीवर आल्या. म्हणाल्या, "पाटील, ताप आला तर माणसं माझ्याकडं येतात. मन बिघडलं तर त्यांना खांबाला बांधतात. बाजाराजवळ दोन खोल्यांचं घर बांधू. कधीही आलं तरी दार उघडं, पोटाला गरम अन्न आणि जवळ बसायला दोन शहाणी माणसं. कडी मात्र आतूनच हवी, बाहेरून नको."

"त्या दोघांना पोसायचं कुणी?" एकानं विचारलं.

"घरटी पायलीभर ज्वारी दिलीत तरी वर्ष निघेल," बाई म्हणाल्या.

गावाची एक रीत होती. सगळ्यांसाठी काही बांधायचं झालं की प्रत्येक घरानं चावडीवर एक घडीव दगड ठेवायचा आणि तो कुणाच्या नावानं देतो ते मोठ्यानं सांगायचं. पहिला दगड पाटलाचा. तो पडल्याशिवाय कुणी हात हलवायचा नाही.

पाटलानं दगड उचलला. मनात एकच नाव होतं, ते ओठांपर्यंत आलंही. पण समोर सारा गाव बघत होता. त्यानं ते नाव गिळलं.

"बाई, आपल्या गावात असं कुणी आहेच कुठं?" तो हसून म्हणाला. "त्यापेक्षा वेशीला कमान बांधू. हा दगड माझ्या आजोबांच्या नावानं!"

गावानं सुटकेचा श्वास टाकला. मग काय, साऱ्या मेलेल्या आजोबा-पणजोबांच्या नावानं धडाधड दगड पडले. जिवंत माणसाचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. वैद्यीणबाई उठून गेल्या.

कमान झोकात उभी राहिली. पाटील मात्र तिच्याखालून जाताना वर बघत नसे.

थोड्याच दिवसांत कुंभाराची बायको बाळंत झाली आणि तिची झोपच उडाली. जेवेना, बाळाकडे बघेना. एका सकाळी ती नदीत शिरली. कोळ्यांनी ओढून काढलं म्हणून वाचली. कुंभार तिला पाठीवर घेऊन कमानीखालून थेट पाटलाच्या दारात आला. मागोमाग सारा गाव.

"पाटील, वैद्यीणबाई म्हणतात हिला घटकाभरही एकटं सोडू नका. मी चाकावर बसलो नाही तर चूल पेटत नाही. हिला नेऊ कुठं?"

तेवढ्यात घरामागून हाक आली, "दादा, तिला माझ्याकडं ठेव. इथली कडी मजबूत आहे. कुणाला कळणार नाही."

पाटलाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. भाऊ त्याला टोमणा मारत नव्हता, अगदी मनापासून मदत करत होता. त्याचीच पाटलाला जास्त लाज वाटली.

तो गोठ्याकडे गेला. कडी काढली आणि भावाचा हात धरून त्याला सगळ्यांसमोर आणलं.

"हा कधी काशीला गेलाच नाही. मी खोटं बोललो. कमान बांधली तीसुद्धा याला झाकायला. उद्याच ती उतरवा. पहिला दगड माझा, माझ्या केरबाच्या नावानं."

मग एक म्हातारी पुढे आली. "एक माझ्या लेकीच्या नावानं." तालमीतला पैलवान मान खाली घालून म्हणाला, "एक माझ्याच नावानं."

कमानीच्या दगडांतून बाजाराजवळ घर उभं राहिलं. घराघरांतून ज्वारी आली. एका खोलीत कुंभाराची बायको राहिली आणि सुगीपर्यंत बरी होऊन बाळाला घेऊन घरी गेली. दुसऱ्या खोलीत केरबा गेला आणि त्यानं आतून कडी लावून घेतली.

पाटील रोज भाकरी घेऊन येई. केरबा ती खिडकीतून घेई, दार उघडत नसे. पाटील पायरीवर बसून राही. येणारेजाणारे बघत, पण तो उठत नसे. सात वर्षं बाहेरून कडी लावणाऱ्यानं दाराबाहेर बसायची तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

एके दिवशी दुपारी कडी वाजली.

"दादा, उन्हात काय बसलास? आत ये."

पाटलानं वहाणा काढल्या आणि खाली मान घालून तो आत गेला. केरबानं दार उघडंच ठेवलं.

तात्पर्य एवढंच: ज्या आजारी माणसाचं नाव घ्यायची आपल्याला लाज वाटते, त्याच्यासाठी गावात जागा होत नाही. आणि लाज वाटायचीच असेल, तर त्याला कोंडून ठेवल्याची वाटावी.