रिकाम्या कोपऱ्याची प्रदक्षिणा

एकदा एका मठाच्या पोथीशाळेत एक वृद्ध शास्त्रीबुवा, त्यांचा एक शिष्य आणि एक मांजरी असे तिघे राहत होते. ही गोष्ट पुढे तो शिष्यच सांगत असे. पण सांगायला बसला की पहिल्याच वाक्याला अडखळे. मांजरी काळी होती हे नक्की, कारण तिचे नाव मषी, म्हणजे शाई. परंतु तिच्या छातीवर पांढरा ठिपका होता, की तो ठिपका नंतर पाळलेल्या एखाद्या मांजरीचा होता, हे त्याला काही केल्या ठरवता येत नसे. तोवर तो स्वतः म्हातारा झाला होता, दोन शास्त्रांतला पंडित म्हणून ओळखला जात होता, आणि आपल्या स्मरणावर त्याचा विश्वास उरला नव्हता. "बाकीचे उलटसुलट झाले असेल," तो ऐकणाऱ्यांना सांगे, "चूक मात्र नीट आठवते, कारण ती माझी होती."

पोथीशाळेत हजारावर पोथ्या होत्या. प्रत्येक पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबलेली आणि वर लाल कापडाच्या बासनात बांधलेली. पावसाळा सरला की सगळ्या पोथ्या उघडायच्या, ओसरीवरच्या कोवळ्या उन्हात ठेवायच्या, फळ्यांना कापूर घातलेले कडुनिंबाचे तेल चोळायचे, वेखंडाची नवी पुरचुंडी ठेवायची आणि नव्या बासनात बांधायच्या, हा तिथला रिवाज. उतरलेली जुनी बासने फेकायची नाहीत, की इतर कपड्यांत धुवायची नाहीत. त्यांना ग्रंथांचा स्पर्श झालेला. ती एका कोपऱ्यात रचून ठेवायची आणि पुढे सवडीने नदीत सोडायची. सवड कधी होत नसे. त्यामुळे कपाटामागच्या कोपऱ्यात बासनांचा मऊ ढीग वर्षानुवर्षे वाढत होता, आणि मषी त्यावर राणीसारखी निजत होती. उंदरांपासून पोथ्या वाचवायच्या हे तिचे काम, आणि पाने कुरतडणाऱ्या कसरीपासून वाचवायच्या हे शिष्याचे. दोघेही आपापल्या कामात वाकबगार होते.

त्या वर्षी आश्विनात मठाचे विश्वस्त, एक कापडाचे व्यापारी, पोथ्या पाहायला आले. नवी बासने दरवर्षी त्यांच्याच दुकानातून येत. ते कपाटाजवळ बैठक मारून बसले, दोन पाने वाचली, आणि मग वाचन सोडून घोटे खाजवू लागले. धोतर वर करून पाहिले तर दोन्ही घोट्यांवर लाल गांध्यांची रांग. तेवढ्यात मषी समोर येऊन बसली आणि मागच्या पायाने कान खाजवू लागली. पुरावा आपणहून हजर झाला.

शेठजी रागावले नाहीत. ते फार सभ्य होते. शास्त्रीबुवांना ते एवढेच म्हणाले, की कार्तिकी पौर्णिमेला ते परगावचे चार विद्वान घेऊन येणार आहेत, आणि तोवर ही बया नदीपलीकडे पोचली असावी. पलीकडे माळ होता आणि माळावर कोल्हे. ते सर्वांना माहीत होते.

शिष्याला त्या दिवशी जेवण गेले नाही. मषी पिल्लू असताना त्यानेच तिला कापसाच्या वातीने दूध पाजले होते. महिन्याची मुदत होती. पण त्याच्या मनाने ती एका दिवसावर आणली. त्याने विचार केला, आणि विचार करायची त्याला सवय होती. पिसू हा कीटक. कसरही कीटक. कसर ज्याने जाते त्याने पिसू का जाऊ नये? दुपारी शास्त्रीबुवा जरा पडले असताना त्याने फळ्यांच्या तेलाची वाटी घेतली आणि मषीला मांडीवर धरून मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोळले. फळ्यांना चोळत असे तसेच. एकही जागा न सोडता. वर कनवाळूपणाने कापराचे प्रमाण थोडे वाढवलेही होते.

तासाभरात मषीच्या तोंडातून लाळ गळू लागली. ती उठली, दोन पावले चालली आणि कुशीवर पडली. तिचे कान फडफडत होते, पंजे कापत होते.

शास्त्रीबुवा उठून आले. त्यांनी तिला हुंगले, रिकाम्या वाटीकडे पाहिले, आणि कोमट पाणी मागवले. साबणाचा पातळ फेस करून त्यांनी तिचे अंग तीनदा धुतले, डोळे आणि नाक जपून. मग तिला पंच्यात घट्ट गुंडाळले, म्हणजे तिची जीभ अंगाला लागणार नाही, आणि टोपलीत ठेवून दोघे तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात निघाले. शिष्य वाटेत काही सांगू लागला तेव्हा ते म्हणाले, "आधी चाल. पश्चात्ताप चालता चालताही होतो."

दवाखान्यातले डॉक्टर जन्मभर म्हशींवर उपचार करत आलेले. धुऊन आणलेत हे उत्तम केलेत, असे त्यांनी सांगितले. घरी काही पाजून ओकवायला जाऊ नका, असेही बजावले, आणि मषीला ठेवून घेतले. शिष्याची नजर कपाटातल्या एका डब्यावर गेली. त्यावर कुत्र्याचे चित्र होते आणि खाली पिसवांचे नाव. ही भुकटी का देत नाही, असे त्याने विचारले.

"कुत्र्याची आहे ती, महाराज," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याला जे सोसतं, त्यातलं पुष्कळसं मांजरीला मारतं. मांजरीचं असं माझ्याकडे काही नाही. शहरातून मागवून बघतो. तोवर उवांची फणी घ्या आणि रोज विंचरा."

ते औषध पौर्णिमेआधी आलेच नाही. मषी मात्र तिसऱ्या दिवशी परत आली. अशक्त, पण डोळे उघडे. शास्त्रीबुवांनी तिला आपल्या खोलीत धुतलेल्या घोंगडीवर ठेवले आणि विंचरायचे काम स्वतःकडे घेतले. फणीत पिसू अडकली की ती साबणाच्या पाण्यात बुडवायची. फणीतले काळे कण त्यांनी ओल्या पांढऱ्या चिंधीवर टाकून शिष्याला दाखवले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. "धूळ असती तर धुळीचा रंग आला असता," ते म्हणाले. "हे तिचेच रक्त आहे, पिसवांनी पचवून टाकलेले."

आणि मग त्यांनी शिष्याला एक चमत्कारिक आज्ञा केली. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या, आणि पोथीशाळेत जाऊन कपाटामागच्या कोपऱ्यापाशी चाळीस प्रदक्षिणा घालायला सांगितल्या. सावकाश, पाय आपटत.

"तिथे कोणता देव आहे, गुरुजी?"

"तेच पाहायचे आहे."

शिष्याला वाटले, हे प्रायश्चित्त असावे. दाराशी पट्ट्या स्वच्छ होत्या. खिडकीपाशी दोन काळे ठिपके दिसले. बासनांच्या ढिगाला एक फेरी घातली, आणि त्याने खाली पाहिले, तर पट्ट्यांवर जणू कोणी मोहरी उधळली होती. तो बाहेर धावला. शास्त्रीबुवा घंगाळात साबणाचे पाणी घेऊन उभेच होते. पट्ट्या त्यात बुडवल्या. एकतीस पिसवा निघाल्या. मांजरी तर पाच दिवसांत त्या खोलीत फिरकलीही नव्हती.

शिष्याने पाण्यातल्या पिसवा पुन्हा एकदा मोजल्या. मग ओसरीच्या पायरीवर बसून त्याने विचारले, की आपले नेमके काय चुकले.

शास्त्रीबुवांनी पट्ट्या पिळल्या आणि दोरीवर टाकल्या. "तू मांजरीला पोथी समजलास," ते म्हणाले. "फळीला तेल लावले की फळी तशीच राहते. मांजर राहत नाही. दिवसभर ती स्वतःला चाटते. तीन वर्षे ती तुझ्या डोळ्यांसमोर चाटत होती आणि तू मान खाली घालून पाठांतर करत होतास. तेल तू तिच्या अंगाला लावले नाहीस, अरे; तिला पाजलेस."

शिष्याने तेव्हाचे तेल अजून लागलेले असल्यासारखे हात धोतराला पुसले.

"आणि पिसू मांजरीवर जेवते फक्त. संसार तिचा दुसरीकडेच. अंडी गळतात ती मांजर निजते तिथे. अळ्या वाढतात ते तिथल्या अंधारात. आपण जेवणारी पंगत पाहिली आणि घर पाहिले नाही. घर कुणी बांधून दिले? आपणच. पवित्र म्हणून जे धुतले नाही, त्याच कापडात." ते थोडे थांबले. "चाळीस फेऱ्यांचे म्हणशील, तर मला खात्री नाही. लहानपणी आमचे घर तीन महिने बंद होते. दार उघडून चार पावले टाकली, तर फरशीतून पिसवा उसळल्या. मला वाटते, कोशात त्या आपल्या पावलांची वाट पाहत असाव्यात. चूक असेन. पण शेठजींच्या घोट्यांवर पडताळण्यापेक्षा तुझ्या पोटऱ्यांवर पडताळलेले बरे."

त्याच दिवशी मठाच्या इतिहासात पहिल्यांदा बासने उकळत्या पाण्यात पडली. पुजाऱ्यांनी नाक मुरडले. शास्त्रीबुवांनी त्यांना पट्ट्यांचे घंगाळ दाखवले, आणि ग्रंथस्पर्शाने यांतल्या कोणत्या पिसवा पवित्र झाल्या ते निवडून द्या, म्हणजे त्यांचे तेवढे कापड उकळत नाही, असे सांगितले. पुजारी निवडायला थांबले नाहीत. फरशीच्या फटी रोज कुंच्याने झाडायच्या आणि केर लगेच जाळायचा, असे ठरले. शिष्य सकाळी प्रदक्षिणा घाली आणि ठिपके मोजी. एकतीसाचे बावीस झाले, बावीसाचे चार. मग एका सकाळी अचानक सतरा. पौर्णिमा नऊ दिवसांवर होती. तो रडकुंडीला आला. शास्त्रीबुवा मात्र खूश झाले. "सतरा उठल्या म्हणजे झोपलेल्यांतल्या सतरा कमी झाल्या. चालत राहा."

पौर्णिमेआधीच्या तीन सकाळी पट्ट्या कोऱ्या निघाल्या. फणीही कोरी निघाली.

शेठजी विद्वानांना घेऊन आले. मषी उंबऱ्यावर बसलेली पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण पाहुण्यांसमोर ते काही बोलले नाहीत. शास्त्रीबुवांनी त्यांचे आसन मुद्दाम कपाटामागच्या कोपऱ्यात मांडले होते. शेठजी धोतर सावरून बसले. पहिल्या पानाला त्यांनी तीनदा घोट्यांकडे पाहिले, दुसऱ्या पानाला एकदा. पुढे वाचन रंगले आणि ते घोटे विसरले. दारामागे उभ्या शिष्याला काय वाचले जात होते ते आठवत नाही. त्याची नजर त्या घोट्यांवरून हलली नव्हती.

उठताना शेठजींचे लक्ष पुन्हा मषीकडे गेले. ती पंजा ओला करून तोंडावरून फिरवत होती, मग पोट, मग शेपटी.

"ही सारखी अंग चाटते आहे," ते म्हणाले. "अजून पिसवा आहेत वाटतं."

"नाही, शेठजी," शिष्य म्हणाला. "तो तिचा नित्यपाठ आहे. पिसवा असतात तेव्हा ती खाजवते."

शेठजींनी स्वतःचा घोटा एकदा चाचपून पाहिला. तिथे काही नव्हते. नदीपलीकडचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि पुढच्या वर्षी नव्या बासनांबरोबर एक लहान घोंगडी पाठवली, धुता येईल अशी.

गुरुजींचे ते कोशाचे म्हणणे खरे होते का, ही शंका शिष्याच्या मनात मात्र राहिली. लहानपणी एकदा पाहिलेल्या गोष्टीवर माणसाने किती भरवसा ठेवावा? बऱ्याच वर्षांनी तो शहरात राहू लागला. तिथे पाळलेल्या मांजरीला पिसवा झाल्या, तेव्हा तो तिला घेऊन एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि भीत भीत विचारले. होय, त्या म्हणाल्या. कोशातल्या पिसवा महिनोन्‌महिने थांबतात, आणि जमिनीची थरथर, श्वासाची ऊब लागली की बाहेर पडतात. अंगावर दिसतात त्या शंभरात जेमतेम पाच; बाकी सारा पसारा अंथरुणात आणि फरशीत.

मग त्यांनी मांजरीचे वजन केले, खास मांजरीसाठीची, तेवढ्याच वजनाची नळी निवडली, आणि केस बाजूला सारून औषधाचे थेंब तिच्या मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या वर, उघड्या कातडीवर टाकले. नेमके तिथेच का, असे त्याने विचारले.

"आजोबा, तिच्या सगळ्या अंगावर तेवढी एकच जागा अशी आहे," त्या म्हणाल्या, "जिथे तिची जीभ पोचत नाही."